धुणाऱ्या बायकांचं विधेयक

एकोणीस वर्षं फ्रेडा ओल्डकॉर्न दर हिवाळ्यात लंडनच्या संसदेतल्या एका जाडजूड वहीत सही करत आली होती. साध्या खासदाराला स्वतःचं विधेयक मांडायला वर्षातले मोजके शुक्रवार ठेवलेले असतात, आणि ते कुणाच्या वाट्याला जायचे हे चिठ्ठ्या काढून ठरतं. चारशेच्या वर माणसं सह्या करतात, वीस नावं निघतात, आणि त्यातल्याही वरच्या सहा-सात जणांनाच काही आशा असते. एकोणिसाव्या वर्षी फ्रेडाचं नाव निघालं. तिसरं.

तिने तिथल्याच भिंतीवरच्या फोनवरून बहिणीला फोन लावला.

"म्युरिएल, निघालं गं!"

"काय निघालं?"

"माझं नाव. तिसरं निघालं."

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत राहिला. म्युरिएलचा श्वास हल्ली फोनवरसुद्धा मोजता यायचा. मग ती म्हणाली, "बरं झालं. मग आता होणार का कायदा, खासदारीणबाई? की अजून एखादी वही आहे सही करायला?"

"या खेपेला होणार."

"बघ हो. मी काही पळून जात नाहीये कुठे. जिना उतरायचा म्हटलं तरी अर्धा तास लागतो मला."

दोघी हॅदरक्लफच्या. डोंगरांच्या कुशीतलं, सदा ओलसर, काळ्या दगडी घरांचं गाव. गावात दोन मिली होत्या. खालची सुताची, ती लढाईनंतर बंद पडली. वरच्या मिलमध्ये ॲस्बेस्टॉसचं कापड विणत. दोघींचा बाप वरच्या मिलमध्ये, पिंजणखात्यात. संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा भुवयांपासून बुटांपर्यंत पांढरा असायचा, आणि लहानपणी या दोघी त्याच्या कोटावरची लव फुंकून उडवायच्या. आई लवकर गेली. छातीने गेली, एवढंच सगळ्यांनी म्हटलं. दर सोमवारी मागच्या अंगणात बापाचे कामाचे कपडे आधी भिंतीवर आपटायचे, मग भिजत घालायचे, मग घासायचे. एक सोमवार म्युरिएलचा, एक फ्रेडाचा.

फ्रेडा सतरा वर्षांची झाली तेव्हा तिला संध्याकाळच्या वर्गात जागा मिळाली. वर्ग नेमका सोमवारी. थोरली म्युरिएल तेव्हा वीस वर्षांची होती. ती म्हणाली, "तू जा. तुझी पाळी मी करते. नाहीतरी तू कपडे धुतेस की त्यांना नुसतं पाणी दाखवतेस, कळतच नाही." तेव्हापासून सगळे सोमवार म्युरिएलचे झाले. पुढे तिने वॉल्टरशी लग्न केलं. तोही पिंजणखात्यातलाच. मग आणखी अठरा वर्षं ती वॉल्टरचे कपडे त्याच भिंतीवर आपटत राहिली.

फ्रेडा शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. तीनशे पोरांचं जेवण रांधता रांधता ती तिथल्या बायकांची युनियनची पुढारी झाली. तोंड तिखट आणि हिशेब पक्का, म्हणून गावाने तिला नगरपालिकेत पाठवलं. मग तिच्या त्रेचाळिसाव्या वर्षी तिथला म्हातारा खासदार वारला आणि पक्षाने वकील-प्राध्यापक बाजूला सारून फ्रेडाला उभं केलं. ती निवडून आली. त्याच वर्षी बाप गेला. तीन वर्षांनी वॉल्टर गेला. दोघांच्या दाखल्यावर एकच रोग, ॲस्बेस्टॉसच्या लवेने होणारा फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. गड्यांसाठी तोवर कायदा आला होता. मिलच्या आत पाऊल टाकलेल्या माणसाला आजारपणाची भरपाई मिलकडून वसूल करता येत होती. पण घरी कपडे धुणाऱ्या बाईला कायदा विचारायचा, तू मिलमध्ये कामाला होतीस का? नव्हतीस. मग आमचा तुझा संबंध काय?

म्युरिएलला खोकला लागला त्याला आता चार वर्षं झाली होती. गावात तिला धरून अशा अकरा जणी होत्या. दर मंगळवारी त्या चर्चमागच्या सभागृहात जमायच्या, चहा प्यायच्या, एकमेकींच्या श्वासाची चौकशी करायच्या.

आता फ्रेडाने त्या आधीच्या उन्हाळ्यात काय केलं होतं तेही सांगायला हवं, कारण गावात ते सगळ्यांना माहीत होतं. तिचा पक्ष किती वर्षांनी सत्तेवर आला होता, आणि सरकारने लहान इस्पितळं मोठ्यांत मिसळायचा कायदा आणला. त्यात हॅदरक्लफचा छातीच्या रोग्यांचा वॉर्ड बंद व्हायचा होता. फ्रेडा विरोधात मत द्यायचं ठरवून बसली होती. मतदानाच्या आदल्या दिवशी डेन्झिल प्राइस तिच्या टेबलाशी येऊन बसला. डेन्झिल पक्षाचा प्रतोद. वेल्सच्या खाणीतल्या माणसाचा मुलगा, मऊ बोलणारा, आणि सभागृहातला तिचा सर्वांत जुना मित्र. पहिल्या आठवड्यात ती त्या इमारतीत वाट चुकून रडकुंडीला आली होती, तेव्हा त्यानेच तिला हात धरून बाहेर आणलं होतं.

"अगं फ्रेडा, तुझ्या एका मताने वॉर्ड वाचणार नाही," तो म्हणाला. "पण तुझं ते धुणाऱ्या बायकांच्या भरपाईचं विधेयक. उद्या नाव निघालं तर कुणाच्या जोरावर मंजूर करशील? आमच्याच ना?"

"शब्द देतोस?"

"आमच्याकडून आडकाठी होणार नाही. माझा शब्द."

फ्रेडाने सरकारच्या बाजूने मत दिलं. नाताळाच्या आधी वॉर्डला कुलूप लागलं. म्युरिएलला आता दोन बस बदलून तीस मैलांवर जावं लागायचं. बाजारात कुणी फ्रेडाला तोंडावर बोललं नाही, पण मासेवाल्याच्या रांगेत ती उभी राहिली की बोलणं थांबायचं. तिने फक्त म्युरिएलला खरं सांगितलं. म्युरिएलने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे वॉर्ड देऊन कायदा घेतलास. ठीक आहे. पण घेतलेलं नीट बघून घे."

नाव निघाल्यावर फ्रेडा झपाटल्यासारखी कामाला लागली. शुक्रवारची गोम तिला ठाऊक होती. त्या दिवशी सभागृह अडीचला उठतं. तोवर कुणी बोलतच राहिलं तर विधेयक मेल्यात जमा होतं. बोलणाऱ्याचं तोंड बंद करायचं तर चर्चा थांबवून मत घ्या अशी मागणी करावी लागते, आणि त्या मागणीच्या बाजूने निदान शंभर मतं पडावी लागतात. शुक्रवारी तिथे शंभर माणसं गोळा करणं सोपं नसतं. सगळे आपापल्या मतदारसंघात जायला निघालेले असतात. फ्रेडा तीन महिने एकेकाच्या दारात गेली. जेवणाच्या रांगेत, लिफ्टमध्ये, एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीत बसलेल्या खासदाराच्या डोक्याशी उभं राहून तिने होकार घेतला. एकशे बत्तीस जणांनी शब्द दिला.

मार्चच्या त्या शुक्रवारी अकरातल्या नऊ जणी बस करून लंडनला आल्या. पहाटे चारला निघाल्या होत्या. म्युरिएलला उठवत नव्हतं, आणि आणखी एक जण इस्पितळात होती. नऊजणींची म्होरकी आयव्ही शॉक्रॉस, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, डोक्याला चर्चला जाताना घालायची टोपी. शिपायाने त्यांना वरच्या गॅलरीत बसवलं आणि बजावलं, टाळ्या वाजवायच्या नाहीत, बोलायचं नाही, वाकून बघायचं नाही.

"खोकायला परवानगी आहे का रे?" आयव्हीने विचारलं.

साडेनऊला फ्रेडा बोलायला उभी राहिली. अर्धा तास बोलली. अंगणातली भिंत, आपटलेले कपडे, उडणारी लव, सगळं सांगितलं. बहिणीचं नाव घेतलं नाही. तिच्यानंतर दोन्ही बाजूंचे लोक चांगलं बोलले. एका विरोधी खासदाराने आपल्या आईचं सांगितलं आणि मध्येच थांबून पाणी प्यायला. बाराच्या सुमारास सर पेरेग्रिन हॉक्सली उभे राहिले.

सर पेरेग्रिन उंच, गुलाबी चेहऱ्याचे, अत्यंत सभ्य गृहस्थ होते. जमिनी होत्या, विमा कंपन्यांशी जुनं नातं होतं, आणि शुक्रवारची विधेयकं मारणं हे ते देशसेवा समजत.

"उपाध्यक्ष महोदया, विधेयकाचा हेतू उदात्त आहे याबद्दल कुणाचंही दुमत नसावं. पण कलम दोनमध्ये 'धुणे' असा शब्द आहे. आता, भिजत घालणं हे धुण्यात मोडतं का? पिळणं मोडतं का? एखादी स्त्री कपडे फक्त भिजत घालत असेल आणि तिची शेजारीण ते पिळत असेल, तर या दोघींपैकी कायद्याच्या दृष्टीने धुणारी कोण?"

त्यांच्या मागे बसलेले तिघे-चौघे हसले. मग सर पेरेग्रिन खळीवर आले. खळीवरून इस्त्रीवर. इस्त्रीवरून आपल्या आजीकडे कपडे न्यायला येणाऱ्या बाईवर. एक वाजला. फ्रेडाला राहवेना. ती उठली.

"माननीय सदस्यांनी जन्मात एकदा तरी स्वतःचा शर्ट धुतलाय का?"

सभागृह खदखदून हसलं. सर पेरेग्रिनसुद्धा हसले, आणि त्यांनी मान लववली. "मी माननीय सदस्यांचा ऋणी आहे. शर्ट या वस्त्राकडे मी येणारच होतो." आणि शर्टावर ते वीस मिनिटं बोलले.

तेव्हा फ्रेडाला कळलं की आपण तोंड उघडलं की त्यांना आणखी सरपण मिळतं. मग ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिली. वर बघायचं तिने टाळलं. तिथून अधूनमधून खोकल्याचा आवाज येत होता, आणि कोणता खोकला कुणाचा हे तिला न बघताच कळत होतं.

दोनला पाच मिनिटं असताना तिने उठून मतदानाची मागणी केली. उपाध्यक्षबाईंनी मान हलवली, अजून नाही. दोन वाजून पाच मिनिटांनी तिने पुन्हा मागणी केली. या वेळी ती मान्य झाली. सर पेरेग्रिनच्या बाकांवरून मोठ्याने नकार आला, घंटा वाजू लागल्या आणि माणसं मतदानाच्या दालनांकडे चालू लागली. फ्रेडा दाराशी उभी राहून येणाऱ्या एकेकाचा चेहरा बघत होती. वीस. चाळीस. सत्तर. मग ओघ आटला. ती जिन्यापर्यंत धावली. जिना रिकामा होता.

मोजणारे परत आले आणि त्यांनी आकडे वाचले. "बाजूने चौऱ्याण्णव. विरोधात तीन."

उपाध्यक्षबाईंनी हळू आवाजात सांगितलं की बाजूने शंभर मतं पडलेली नसल्यामुळे मागणी फेटाळण्यात येत आहे. सर पेरेग्रिन पुन्हा उभे राहिले आणि जिथे थांबले होते तिथून बोलू लागले. घड्याळात अडीच वाजले. पुढचं विधेयक पुकारलं गेलं.

खाली मोठ्या गोल दालनात नऊ जणी आल्या तेव्हा आयव्हीची टोपी एका बाजूला कलली होती आणि चेहरा फुलला होता. तिने फ्रेडाला मिठी मारली.

"चौऱ्याण्णव! आणि त्या मेल्याच्या बाजूने तिघेच! अगं, इतका वेळ बडबडला, आणि काय मिळालं त्याला? तिघे!"

"म्युरिएलला फोन केलास का गं?" दुसरीने विचारलं. "आधी तिला कळव."

एक जण डोळे पुसत होती. एकीने पिशवीतून आल्याच्या केकचा डबा काढला. खास या वेळेसाठी करून आणला होता. फ्रेडा त्यांच्याकडे बघत राहिली. शेजारून जाणारा एक सहकारी तिची नजर चुकवून निघून गेला.

"आयव्ही, ऐक. पडलं ते."

"काय पडलं?"

"विधेयक. शंभर मतं लागतात. चौऱ्याण्णव पडली."

"पण त्याला तर तीनच पडली," आयव्ही म्हणाली. लहान मुलाला समजवावं तसं ती फ्रेडाला समजावत होती. "चौऱ्याण्णव तिनाहून जास्त असतात, फ्रेडा."

"असतात. पण इथे तसं नसतं."

"मग आता पुन्हा मत कधी?"

"आता नाही."

केकचा डबा उघडाच राहिला. मग आयव्हीने हात वर करून टोपी सरळ केली आणि विचारलं, "मुतारी कुठे आहे गं इथे? लांबचा प्रवास आहे."

फ्रेडा त्यांना वाट दाखवून परत येत होती तेव्हा चौऱ्याण्णवांतला एक, पहिल्यांदाच निवडून आलेला सरळमार्गी मास्तर, तिच्यापाशी थांबला. "वाईट झालं हो. मी थांबलो. पण आमच्या भागातले सगळे कालच घरी गेले. प्रतोदांच्या कचेरीतून निरोप होता ना, शुक्रवारी कुणाची गरज नाही, मतदारसंघात जा म्हणून. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

फ्रेडा डेन्झिलच्या खोलीत गेली. तो खिडकीशी उभा होता. तिला बघून त्याने खुर्ची पुढे केली.

"बस."

"नको. निरोप तू पाठवलास?"

"वरून आलं, फ्रेडा. खजिन्याच्या लोकांनी बसून सगळा खर्चाचा हिशेब काढला. तुझ्या गावच्या अकरा बायकांचा प्रश्न नव्हता गं. बंदरं आहेत, बॉयलरची कामं आहेत, तिथेही हेच ॲस्बेस्टॉस, देशभर किती बायका निघतील कुणाला ठाऊक."

"म्हणजे बायका जास्त निघाल्या म्हणून."

"माझ्या हातात नव्हतं."

"तू शब्द दिला होतास."

"आमच्याकडून आडकाठी होणार नाही म्हणालो होतो," डेन्झिल म्हणाला. त्याचा आवाज अजूनही मऊ होता. "विरोधातले तिघे बघ. त्यात आमचा एक तरी आहे का?"

फ्रेडा त्याच्याकडे बघतच राहिली. वॉर्डच्या मतदानाआधी त्याने शब्द किती जपून निवडले होते, हे तिला आत्ता दिसत होतं. शाळेच्या स्वयंपाकघरात कंत्राटदाराचे कागद ती तीन-तीनदा वाचायची. इथे एका माणसाचा चेहरा बघून ती सही करून बसली होती.

"बहिणीचं कसं आहे?" त्याने विचारलं. खरोखरच काळजीने विचारलं, आणि तेच तिला सहन झालं नाही. ती दार उघडं टाकून निघून गेली.

ती गाडीने न जाता बायकांबरोबर बसने परतली. वाटेत कुणी तिला दोष दिला नाही. आयव्हीने अंड्याचं सँडविच पुढे केलं, तिने घेतलं, आणि ते हातात तसंच राहिलं. डोंगर दिसू लागले तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "टापटीप आहे हो पण ती जागा. लाकूडकाम काय सुंदर!" आणि बाकीच्यांनी हो, हो म्हटलं.

म्युरिएलचा पलंग आता खालच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीशी होता. फ्रेडा कोट न काढताच तिच्याजवळ बसली.

"रेडिओवर काहीच सांगितलं नाही," म्युरिएल म्हणाली.

"पडलं गं."

"किती मतांनी?"

"सहा."

"सहा." ती श्वास गोळा करत राहिली. "आजारी बिजारी होते का ते सहा जण?"

"नाही. घरी गेले होते. घरी जा म्हणून सांगितलं होतं त्यांना. आमच्याच लोकांनी."

"डेन्झिलने?"

"हो."

म्युरिएलने डोळे मिटले. "म्हणजे वॉर्डही गेला आणि हेही गेलं."

"हो."

"फसवलं गं तुला. खुळ्या पोरीला फसवावं तसं फसवलं." तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते आपल्यासाठी आहे हे फ्रेडाला कळलं, आणि तिला वाटलं, हिने त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. इतकी वर्षं घशात अडकलेलं वाक्य तिने शेवटी बोलून टाकलं.

"त्या सोमवारी मी वर्गाला जायला नको होतं."

"वेडी आहेस. दोघींनी धुतलं असतं तर दोघी खोकत बसलो असतो. मग चहा कुणी केला असता?" म्युरिएल हसायला गेली आणि खोकल्याने तिला वाकवलं. फ्रेडाने तिला धरलं. खोकला थांबल्यावर ती बराच वेळ छताकडे बघत पडून राहिली. मग सावकाश, एकेक शब्द वेगळा करत म्हणाली, "पण एक सांगते. मला आपलं वाटायचं, मी धुतलं त्याचं काहीतरी झालं. एक बहीण तिथे जाऊन बसली. रोज पडल्या पडल्या तेच मनाशी म्हणायचे. आज तेही वाटत नाहीये बघ."

फ्रेडा चहा करायला उठली.

म्युरिएल एप्रिलच्या शेवटी गेली. शेवटचे दहा दिवस फ्रेडा तिच्यापाशी होती. लंडनहून दोनदा निरोप आले, मतदान आहे, या. तिने फोनची तार काढून ठेवली. असल्या आजाराने गेलेल्या माणसाची चौकशी कॉरोनरकडे होते, म्हणून दोन दिवसांनी ती कॉरोनरच्या कचेरीत गेली. तिथला कारकून अदबीचा होता. त्याने कागद पुढे ओढला.

"मृत व्यक्तीचा व्यवसाय?"

"ती कपडे धुवायची," फ्रेडा म्हणाली. "वीस-बावीस वर्षं. वरच्या मिलचे."

"मिलमध्ये नोकरीला होत्या?"

"नाही."

"पगारी लाँड्रीत?"

"नाही. घरी."

कारकुनाने क्षणभर विचार केला आणि लिहिलं, 'गृहिणी'. मग कागद तिच्याकडे वळवला. "नीट वाचून सही करा, मॅडम." फ्रेडाने वाचलं. दुसरं काय लिहायला हवं होतं हे तिलाही सांगता आलं नसतं. तिने सही केली.

अंत्यविधीनंतरच्या सोमवारी ती लंडनला गेली. घरात बसवत नव्हतं, आणि दुसरीकडे कुठे जायचं हे माहीत नव्हतं. संध्याकाळी मतदानाची घंटा झाली. ती उठून सरकारच्या बाजूच्या दालनात गेली. दाराशी डेन्झिल नावांवर खुणा करत उभा होता. त्याने तिच्या नावावर खूण केली आणि कुजबुजला, "आलीस, बरं झालं." विधेयक कसलं होतं हे तिने बाहेर आल्यावर कागदात वाचलं. मासेमारीच्या जाळ्यांचं होतं.

जुलैपर्यंत तिचं विधेयक नावापुरतं यादीच्या तळाशी आणखी चारदा पुकारलं गेलं. अशा वेळी एकानेही विरोध केला नाही तरच विधेयक पुढे सरकतं. चारही वेळा सर पेरेग्रिनच्या बाकांवरून एकच शब्द आला, "हरकत." पुढच्या हिवाळ्यात तिने वहीत सही केली, नाव निघालं नाही. त्याच्या पुढच्या हिवाळ्यातही नाही. निवडणूक आली तेव्हा तिने पक्षाला कळवलं की आपण उभं राहणार नाही. पक्षाने आभाराचं पत्र पाठवलं. तिच्या जागी एक तरुण वकील निवडून आला. त्याने एकदा येऊन विचारपूस केली, वॉर्डच्या जागी आता काय आहे हेही विचारलं. गाड्या लावायची जागा होती.

फ्रेडा मंगळवारी चर्चमागच्या सभागृहात जात राहिली. चहा आता तीच करायची. अकरातल्या चार उरल्या होत्या. आयव्ही नव्हती. त्या चौघी हवेबद्दल बोलायच्या, नातवंडांबद्दल बोलायच्या. कायद्याचा विषय कुणी काढायचं नाही, आणि ते फ्रेडासाठी म्हणूनच असावं.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी दारात एक नवी बाई आली. पन्नाशीची, अजून गुटगुटीत, गळ्याभोवती चांगला मफलर. लहानपणी शाळेतून आल्यावर बापाच्या गुडघ्यावर बसायची, म्हणाली. तो कपडे बदलायच्या आधीच धावत जाऊन बसायची. डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात सांगितलं. ते 'बसायची' म्हणताना तिला खोकला आला आणि तिने ओशाळून रुमाल तोंडाशी नेला.

"तुम्ही खासदार होतात ना हो इथल्या?" तिने फ्रेडाला विचारलं. "आमच्यासारख्यांसाठी काही कायदा असेलच की. कुठे अर्ज करायचा असतो?"

बाकीच्या चौघी आपापल्या कपांत बघू लागल्या.

"नाही," फ्रेडा म्हणाली. "कायदा नाही."

तिने भिंतीशी उभी केलेली घडीची खुर्ची उघडली, चुलीजवळ, उबेला ठेवली आणि त्या बाईला बसवलं. मग तिच्यासाठी किटलीतून चहा ओतायला घेतला आणि विचारलं, "दूध आधी घालू की नंतर?"